परदेशच्या वाटेवर एक वाद्यवृंद

आपल्याकडील एखादे गवई परगांवीं मैफलीसाठीं निघाले म्हणजे त्यांच्याबरोबर फार मोठा सरंजाम नसतो. तंबोऱ्यांची जोडी, एक तबलजी, एक पेटीवाले आणि मागें बसून सूर धरणारे एक-दोन शिष्य, एवढें असलें कीं काम भागतें. चीज कोणती घ्यावयाची आणि ती किती वेळ आळवावयाची, हेंही पुष्कळदां बैठकीवर बसल्यानंतर, वेळ पाहून आणि समोरचे श्रोते पाहून ठरतें. पाश्चात्य सिंफनी ऑर्केस्ट्रा परदेशीं निघतो तेव्हां मात्र सगळाच प्रकार निराळा असतो. तेथें शंभर माणसांनीं एका माणसासारखें वाजवावयाचें असतें. त्यामुळें काय वाजवावयाचें तें कित्येक महिने अगोदर ठरलेलें असतें, कागदावर लिहिलेलें असतें, आणि तो कागद बरोबर घेऊनच ही मंडळी प्रवासाला निघतात.

हा कागद ऐन वेळीं बदलावा लागला तर काय होतें? आणि तो बदलण्याची मागणी करणारा यजमान एखाद्या राष्ट्राचा सत्ताधीश असला तर? अशाच एका प्रवासाची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानें १९७३ च्या सप्टेंबर महिन्यांत चीनचा दौरा केला, त्या प्रवासाची ही हकीगत. परंतु ती नीट समजण्यासाठीं असा वाद्यवृंद बरोबर काय काय नेतो, हें आधीं थोडें पाहिलें पाहिजे.

मोठ्या वाद्यवृंदांत निम्म्याहून अधिक वादक तंतुवाद्यांचे असतात. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांचे दोन ताफे, त्यांच्याहून खर्जाकडे झुकणारे व्हिओला, मग चेलो, आणि शेवटीं पुरुषभर उंचीचे डबल बास. त्यांच्या पाठीमागें बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसून हीं फुंकवाद्यें. त्यांच्याही मागें पितळी शिंगें व तुताऱ्या. आणि अगदीं मागें तांब्याचे मोठे नगारे व इतर तालवाद्यें. व्हायोलिनवाला आपलें वाद्य हातांत घेऊन विमानांत बसूं शकतो. परंतु डबल बास, नगारे आणि ४७ तारांचें हार्प ह्यांना आंतून गादी लावलेल्या, माणसापेक्षांही मोठ्या पेट्या लागतात.

ह्या वाद्यांना धक्क्यापेक्षांही हवेचें भय अधिक. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूस नांवाच्या झाडाच्या हलक्या लांकडाची आणि पाठ मेपलच्या कठीण लांकडाची असते. हवा दमट झाली कीं लांकूड फुगतें, कोरडी झाली कीं आकसतें. आणि दोन जातींचीं लांकडें सारख्या प्रमाणांत फुगत किंवा आकसत नाहींत. म्हणून कारागीर ह्या फळ्या जोडतांना मुद्दाम प्राणिज सरस वापरतात. ताण असह्य झाला म्हणजे सरसाची सांध उघडते, पण लांकूड चिरत नाहीं. आणि उघडलेली सांध पुन्हां चिकटवितां येते. पावसाळ्यांत तंबोरा जुळवितांना होणारी दमछाक ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांना थंड देशांतून उष्ण देशांत उतरलेल्या साठ-सत्तर तंतुवाद्यांची काळजी काय असेल, हें निराळें सांगावयास नको.

आतां कागदाकडे वळूं. संचालकापुढें जो मोठा ग्रंथ उघडलेला असतो, त्यांत सर्व वाद्यांचे स्वर ओळीनें एकाखालीं एक लिहिलेले असतात. प्रत्येक वादकापुढें मात्र केवळ त्याच्या वाद्यापुरती प्रत असते. तंतुवाद्यांत दोघांत मिळून एक. ह्या प्रतींत छापलेल्या स्वरांभोंवतीं पेन्सिलीच्या असंख्य खुणा असतात. येथें गज खालीं ओढावा, येथें वर न्यावा, येथें चार स्वर एकाच ओढींत घ्यावे, येथें संचालक क्षणभर थांबतात, अशा त्या सूचना होत. सोळा व्हायोलिनांचे गज एकाच दिशेनें, एकाच क्षणीं हलतांना आपणांस दिसतात, ते ह्या खुणांमुळें. ती केवळ शोभा नव्हे. खालीं ओढलेल्या गजाचा आघात निराळा आणि वर नेलेल्या गजाचा निराळा. एकानें खालीं व दुसऱ्यानें वर ओढला तर दोघांचा स्वर तोच राहील, परंतु वाक्य फाटेल. अशा खुणा वर्षानुवर्षें सांचत जातात. आपल्या घराण्यांत जें गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानांत जातें, तें तेथें पुष्कळ अंशीं ह्या पेन्सिलीच्या खुणांत राहतें. म्हणून वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाची पेटी हरवणें ही वाद्य हरवण्याहून मोठी आपत्ति होय.

एवढ्या तयारीनिशीं फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा चीनला निघाला. १९०० सालीं स्थापन झालेला हा वाद्यवृंद अमेरिकेंतील अग्रगण्य वाद्यवृंदांपैकीं एक. बुडापेस्ट येथें जन्मलेले यूजीन ऑर्मंडी हे १९३६ पासून त्याचे संचालक होते, आणि तंतुवाद्यांच्या भरदार, मधाळ नादासाठीं त्यांचा लौकिक होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ च्या फेब्रुवारींत चीनला जाऊन आले होते. तथापि दोन्ही राष्ट्रांत पूर्ण राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ रोजीं जुळले. १९७३ सालीं पेकिंग येथें, म्हणजे आजच्या बीजिंगमध्यें, अमेरिकेचें केवळ एक संपर्क-कार्यालय होतें. अशा वेळीं शब्दांनीं बोलणें अवघड असतें, म्हणून सुरांकडून काम घेण्याचें ठरलें. त्याच वर्षाच्या वसंतांत लंडन आणि व्हिएन्ना येथील दोन वाद्यवृंद चीनमध्यें येऊन गेले होते. अमेरिकन वाद्यवृंदाची मात्र ही पहिलीच भेट.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेथोव्हनचें नांवही ज्यांनीं ऐकलें नाहीं अशा लोकांकडे ही मंडळी चालली होती, असें कोणी समजूं नये. शांघाय शहरांत १८७९ पासून पाश्चात्य पद्धतीचें वादन चालू होतें आणि त्यांतूनच तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रा वाढला. १९२७ सालीं त्याच शहरांत संगीताचें विद्यालय निघालें. चिनी वादकांच्या दोन-तीन पिढ्या ह्या संगीतांत तयार झाल्या होत्या. मग १९६६ सालीं सांस्कृतिक क्रांतीचें वादळ उठलें, आणि हेंच शिक्षण त्यांचा गुन्हा ठरलें. विद्यालयें बंद पडलीं, ध्वनिमुद्रिका फोडण्यांत आल्या, वादकांना खेड्यांत मजुरीस धाडण्यांत आलें. शांघाय सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक लू हुंग-अन् यांना तर १९६८ सालीं देहान्त शासन झालें. पाहुणे ज्या देशांत उतरले तो देश असा होता. ज्यांना त्यांचें संगीत सर्वांत अधिक समजत होतें, त्यांनाच त्याची किंमत सर्वांत अधिक द्यावी लागली होती.

पाहुण्यांचा पहिला जलसा १४ सप्टेंबर रोजीं पेकिंग येथें झाला. त्यांत मोझार्टची ३५ वी सिंफनी, अमेरिकन रचनाकार रॉय हॅरिस यांची तिसरी, आणि ब्राम्सची पहिली सिंफनी होती. परंतु त्यापूर्वींच एक पेंच उभा राहिला होता. अध्यक्ष माओ यांच्या पत्नी च्यांग छिंग ह्या कलाक्षेत्रावर त्या काळीं निरंकुश सत्ता चालवीत होत्या. १६ तारखेच्या जलशास त्या स्वतः येणार, आणि त्यांना बेथोव्हनच्या पांचव्या सिंफनीऐवजीं सहावी ऐकावयाची आहे, असा निरोप आला.

ऑर्मंडी यांनीं साफ नकार दिला. एक तर त्यांना सहावी सिंफनी फारशी आवडत नसे. दुसरें असें कीं, तिच्या प्रती त्यांनीं बरोबर आणल्याच नव्हत्या. अमेरिकन संपर्क-कार्यालयांतील निकोलस प्लॅट नांवाच्या तरुण अधिकाऱ्यावर त्यांची समजूत घालण्याची कामगिरी आली. प्लॅट यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे कीं, त्यांनीं त्या क्षणीं सुचलेली एक उपपत्ति पुढें केली: चीनची क्रांति शेतकऱ्यांच्या बळावर उभी राहिली, सहावी सिंफनी खेड्यापाड्यांचें, शेतकऱ्यांच्या आनंदाचें वर्णन करते, म्हणून यजमानांना ती जवळची वाटते. ही उपपत्ति कितपत खरी होती हा प्रश्न निराळा. ऑर्मंडी राजी झाले, एवढें खरें.

ह्या दोन सिंफनींविषयीं एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजीं व्हिएन्ना येथें एकाच जलशांत त्या दोन्ही प्रथम वाजविल्या गेल्या, आणि त्या दिवशींच्या पत्रिकेंत त्यांचे क्रमांक उलट होते. आपण आज जिला सहावी म्हणतों ती तेथें पांचवी होती! दोघींचा स्वभाव मात्र भिन्न. सहावीला बेथोव्हननें स्वतः ग्रामजीवनाचें नांव दिलें आणि तिच्या पांचही भागांना मथळे दिले: खेड्यांत पोंचल्याचा आनंद, ओढ्याकांठचा देखावा, शेतकऱ्यांचा मेळा, वादळ, आणि वादळानंतर गुराख्यांचें कृतज्ञतेचें गीत. पांचवीला असा एकही मथळा नाहीं. तिच्यांत काय आहे हें ऐकणाऱ्यानें आपल्याशीं ठरवावयाचें असतें. कलेचा अर्थ सरकारनें ठरवावा अशी जेथें व्यवस्था असते, तेथें मथळ्याचें संगीत निर्धास्त वाटावें आणि मथळ्यावांचूनचें संशयास्पद वाटावें, ह्यांत नवल नाहीं. हा फरक ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

प्रती आतां कोठून आणावयाच्या? पेकिंगच्या सेंट्रल फिलहार्मोनिक वाद्यवृंदानें आपल्या जुन्या प्रती दिल्या. त्या एका छापाच्या नव्हत्या, आणि त्यांवरील खुणा दुसऱ्याच हातांच्या होत्या. मघाशीं सांगितलेल्या पेन्सिलीच्या खुणा येथें आठवाव्या. फिलाडेल्फियाच्या वादकांना सिंफनी माहीत होती, पण समोरचा कागद त्यांना निराळ्याच ठिकाणीं गज फिरवावयास सांगत होता. अशा वेळीं शेजारच्याचा हात पाहावयाचा, पुढें बसलेल्या प्रमुखाचा गज पाहावयाचा, आणि डोळा संचालकावर ठेवावयाचा, एवढाच उपाय उरतो. त्यांनीं तसें करून ती सिंफनी निभावून नेली. पण ज्या खुणा त्यांची अडचण करीत होत्या, त्या कोणाच्या होत्या? वर्षानुवर्षें ज्यांना हें संगीत उघडपणें वाजवितां आलें नव्हतें, त्या चिनी वादकांच्या. बंदीच्या काळांत त्या प्रती कोठें तरी जपून राहिल्या होत्या, म्हणूनच त्या त्या दिवशीं उपयोगीं पडल्या.

ऑर्मंडी यांनीं नमतें घेतलें तें योग्य केलें काय? पाहुण्यानें यजमानाची आवड सांभाळावी हा शिष्टाचार सर्व देशांत आहे. परंतु त्यालाही मर्यादा आहे, आणि ती दुसऱ्या एका दौऱ्यांत स्पष्ट झाली. १९८४ सालीं आपल्या मुंबईचे झुबिन मेहता न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन आशियाच्या दौऱ्यावर होते. झुबिन हे मेहली मेहता यांचे पुत्र. मेहलींनीं १९३५ सालीं मुंबईंत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आणि त्यांत कितीतरी गोमंतकीय वादक वाजवीत असत. १९८४ च्या दौऱ्यांत अर्नेस्ट ब्लॉख यांची ‘शेलोमो’ ही चेलोसाठींची रचना होती. ती ज्यू परंपरेशीं निगडित आहे, म्हणून ती गाळावी असा मलेशियाच्या सरकारनें आग्रह धरला. न्यूयॉर्कच्या मंडळींनीं अखेर मलेशियाची भेटच रद्द केली. दोन्ही प्रसंगीं मागणी पत्रिका बदलण्याचीच होती. परंतु एके ठिकाणीं एका बेथोव्हनच्या जागीं दुसरा बेथोव्हन मागितला होता; दुसऱ्या ठिकाणीं एका जमातीचा सूरच नको होता. पहिली गोष्ट सोसण्यासारखी होती, दुसरी नव्हती, असें मला वाटतें.

पेकिंगच्या त्याच दौऱ्यांत पाहुण्यांनीं ‘पीत नदी’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची चिनी रचनाही वाजविली. शिएन शिंगहाय यांनीं जपानशीं चाललेल्या युद्धाच्या काळांत, १९३९ सालीं, रचलेल्या समूहगीतावरून ती पुढें काहीं वादकांनीं मिळून तयार केली होती. पियानोवर यिन चंग-झुंग बसले होते. १९६२ सालीं मॉस्को येथील चायकोव्स्की स्पर्धेंत दुसरें पारितोषिक मिळविलेला हा कलावंत. १९६७ सालीं, पियानो हें परकीय व श्रीमंती वाद्य म्हणून नाहींसें होण्याची वेळ आली असतां, त्यांनीं तें थिएन-आन-मनच्या चौकांत नेलें आणि लोकांना आवडतील त्या धुना त्यावर वाजवून दाखविल्या. चिनी ऑपेराच्या गाण्यांस साथ करीत त्यांनीं तें वाद्य वांचविलें. त्या रचनेचा दर्जा कमी-अधिक कसाही ठरवा. पण अमेरिकेंतील एक श्रेष्ठ वाद्यवृंद आपल्या संगीताची साथ करीत आहे, हें दृश्य चिनी श्रोत्यांना नवें होतें.

ह्या दौऱ्यांतील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मात्र जलशांत घडला नाहीं. तो तालमीच्या खोलींत घडला. पाहुणे सेंट्रल फिलहार्मोनिकच्या भेटीस गेले. तेथें संचालक ली द-लुन यांनीं आपल्या वादकांकडून बेथोव्हनच्या पांचव्या सिंफनीचा पहिला भाग वाजवून घेतला. सवय तुटलेल्या हातांनीं वाजविला गेलेला. तो संपल्यावर त्यांनीं आपली छडी ऑर्मंडी यांच्या हातीं दिली आणि दुसऱ्या भागाची तालीम ऑर्मंडी यांनीं घेतली. दोघांत भाषा समान नव्हती. पण गज किती लांब ओढावयाचा, आवाज कोठें मिटवावयाचा, हें सांगावयास भाषा लागत नाहीं. थोड्याच वेळांत त्याच वादकांचा आवाज पालटला, असें तेथें हजर असलेल्यांनीं नमूद करून ठेवलें आहे.

पेकिंगमध्यें चार आणि शांघायमध्यें दोन असे सहा जलसे झाले. श्रोते निमंत्रित, पोशाख एकसारखा, टाळ्या बेताच्या. फिलाडेल्फियाच्या वादकांना त्या शांततेचें कोडें पडलें असेल. परंतु ज्या श्रोत्यानें आपली आवड वर्षानुवर्षें लपवून ठेवली आहे, त्याच्या टाळ्यांवरून त्याचें मन ओळखूं जाणें धाडसाचें ठरेल.

पुढें काय झालें तें सांगितल्यावांचून ही हकीगत पुरी होणार नाहीं. संगीतानें हृदयें जिंकलीं आणि राष्ट्रें मित्र झालीं, असा गोड शेवट करतां आला असता. पण तसें झालें नाहीं. पाहुणे परतून चार महिने होतात न होतात तोंच, १९७४ च्या जानेवारींत, चीनच्या वृत्तपत्रांतून ‘मथळ्यावांचूनच्या’ संगीताविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. बेथोव्हन आणि शूबर्ट यांचीं नांवें घेऊन टीका झाली. ह्या मोहिमेचा खरा रोख पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या धोरणावर होता, असें इतिहासकार मानतात. म्हणजे पाहुणे सुखरूप घरीं गेले आणि त्यांचें संगीत ऐकणारे पुन्हां भयाच्या छायेंत आले. परदेश-दौऱ्यांची स्तुति करतांना ही बाजू विसरूं नये.

पण दुसरीही बाजू आहे. हूनान प्रांतांत त्या वेळीं तन डुन नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा भाताच्या शेतांत काम करीत होता. ध्वनिक्षेपकावरून आलेलें फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचें बेथोव्हन-वादन त्याच्या कानीं पडलें, आणि असेंही संगीत जगांत आहे हें आपणांस तेव्हां कळलें, असें त्यानें मोठेपणीं सांगितलें आहे. १९७८ मध्यें तो पेकिंगच्या संगीत-विद्यालयांत दाखल झाला; आज तो जगभर गाजलेला रचनाकार आहे. आणि २६ मार्च १९७७ रोजीं, बेथोव्हनच्या मृत्यूस १५० वर्षें झालीं त्या दिवशीं, सेंट्रल फिलहार्मोनिकनें पेकिंग येथें पांचवी सिंफनी वाजविली. माओ वारले होते, च्यांग छिंग कैदेंत होत्या, आणि छडी होती ली द-लुन यांच्या हातांत. तें वादन नभोवाणीवरून देशभर गेलें. बंदी उठल्याचा हुकूम वाचण्याची लोकांना गरजच पडली नाहीं. तो त्यांना ऐकूं आला.

फिलाडेल्फियाची मंडळी त्यानंतर अनेकदां चीनला जाऊन आलीं. २०२३ च्या नोव्हेंबरांत, पहिल्या भेटीस ५० वर्षें झालीं त्या निमित्तानें, त्यांचे काहीं वादक बीजिंगमध्यें त्याच सेंट्रल फिलहार्मोनिकच्या वारस-वाद्यवृंदाबरोबर एकत्र बसून वाजविते झाले. त्यांत १९७३ च्या प्रवासांतील एक व्हायोलिनवादकही होता. मधल्या पन्नास वर्षांत दोन राष्ट्रांचें राजकारण किती वेळां जुळलें आणि किती वेळां बिनसलें, हें आपण वृत्तपत्रांत वाचतोंच. तें सुधारण्याची शक्ति वाद्यवृंदांत नाहीं, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणेंही योग्य नव्हे. तो जातो, वाजवितो आणि पेट्या बांधून परत येतो. परंतु ऐकलेलें संगीत परत नेतां येत नाहीं. ज्याच्या कानांत तें पडलें त्याच्याजवळच तें राहतें, आणि केव्हां, कोठें उगवेल हें नेणाऱ्यालाही ठाऊक नसतें आणि बंदी घालणाऱ्यालाही नसतें.